पावसाळ्यात सायकलला आणि रोजच्या वापराला कुठले बूट घ्यावेत

"वॉटरप्रूफ बूट घ्यायचेत, सायकलवर चालले पाहिजेत आणि रोज ऑफिसलापण तेच घालायचेत, कुठले घेऊ?" असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, राहता कुठे. कारण पुण्याचा पाऊस वेगळा, मुंबई-कोकणचा वेगळा, आणि कोणी नेदरलँड्सला राहून रोज सायकलने कामाला जात असेल तर तिकडचा पाच-सहा डिग्रीतला पाऊस तर अजूनच वेगळा. यूट्यूबवरचे बरेचसे रिव्ह्यू त्या थंडीतल्या पावसाचे असतात आणि आपण ते बघून इकडे महागडे बूट मागवतो.

गोरटेक्ससारख्या बुटात आत एक पातळ पडदा असतो, त्याला इतकी बारीक छिद्रं असतात की पाण्याचा थेंब आत येत नाही पण घामाची वाफ बाहेर जाते. हे खरंय, फसवणूक नाहीये. पण वाफ बाहेर कधी जाणार, तर बुटाच्या आत बाहेरच्यापेक्षा चांगलंच गरम आणि दमट असेल तेव्हा. जुलैत मुंबईत बाहेरच सत्तावीस-अठ्ठावीस डिग्री आणि हवा नुसती चिंब, मग वाफ जाणार कुठे? पाय घामानेच ओले होतात. वर पाय घालायला जे तोंड ठेवलंय तिथून पाणी येतं ते वेगळंच, आणि एकदा आत गेलं की तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही, दिवसभर पाय डबक्यात.

त्यामुळे माझं मत सरळ आहे, आपल्याकडच्या पावसात पाणी अडवणारा बूट शोधू नका, आलेलं पाणी पटकन सोडून देणारा आणि लवकर वाळणारा शोधा. थंडीच्या देशात असाल तर उलटं करा, तिकडे गार पाण्याने बोटं बधिर होतात, तिकडे पडद्याचा बूट किंवा वरून चढवायचं निओप्रीनचं (जाड रबरी कापडाचं) कव्हर याला पर्याय नाही.

सायकलसाठी मला सगळ्यात बरी वाटते ती मागे पट्टा असलेली, पुढे बोटं झाकणारी सँडल. ज्याला आपल्याकडे फ्लोटर म्हणतात त्यातलाच प्रकार. पट्टे सिंथेटिक हवेत, लेदरचे नकोत, आणि आतला तळवा कापडाचा किंवा स्पंजचा नको, तो पाणी धरून ठेवतो. पुढून बंद अशासाठी की ओल्या पेडलवरून पाय सटकला तर अंगठ्याचं नख वाचतं. नुसती स्लिपर किंवा मागे पट्टा नसलेले क्लॉग (क्रॉक्ससारख्या फोमच्या बंद चपला) सायकलवर नकोच, पाय ओला झाला की आतल्या आत सरकतो, पेडलवर जोर द्यायला गेलं की टाच बाहेर. काही क्लॉगना पट्टा असतो, पण तो पुढे सरकवून मिरवायची फॅशन आहे, तो मागे घ्या.

दुकानात गेलात की सोल बघा, आणि नुसता उलटा करून नाही. बहुतेक दुकानांत फरशी गुळगुळीत असते, बाटलीतलं थोडं पाणी तिथे सांडायची परवानगी मागा (दुकानदार हसेल, हसू दे), बूट घालून त्यावर टाच टेकवा आणि पाय पुढे ढकलून बघा. रबरी सोल धरतो, कडक पीव्हीसीचा सर्रकन जातो. खोल नक्षी बघून भुलू नका, चिखलात ती कामाची पण ओल्या टाइल्सवर, सोसायटीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर आणि झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर मऊ रबरच पाहिजे. सोल फार लिबलिबीतपण नको, पेडल तळव्याला टोचतं. आणि पेडल प्लास्टिकचं गुळगुळीत असेल तर कितीही भारी बूट घ्या, पाय घसरणारच, त्यापेक्षा खिळे असलेलं चपटं पेडल बसवून घ्या.

क्लीटचे बूट (तळाला बसवलेल्या खाचेने पेडलमध्ये अडकणारे) वापरत असाल तर तळाला बोल्टची भोकं असतात, पाणी तिथूनच वर येतं. आतला इनसोल काढून त्या जागेवर चांगली चिकटपट्टी लावली की बराच फरक पडतो.

आता एक गोष्ट जी बुटात नाहीच. सायकलवर पाय ओले होतात ते वरच्या पावसाने कमी आणि पुढच्या चाकाने उडवलेल्या पाण्याने जास्त. पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला रबराचा एक फ्लॅप लावा, जुन्या ट्यूबचा तुकडा आणि झिपटाय एवढ्यात होतं, जमिनीपासून चार बोटं वर राहील इतका लांब ठेवा. शिवाय रेनपँट बुटाच्या वरून बाहेर आली पाहिजे, बुटात खोचली तर अख्ख्या पायावरचं पाणी पन्हाळीसारखं आत उतरतं.

रोजच्या वापराचं म्हणाल तर ऑफिसमध्ये एक कोरडा जोड ठेवून द्या, विषय संपला. लेदरचे बूट पावसात घालून जायचे आणि मग बुरशी पुसत बसायचं हा उद्योग कशाला? सुती मोजेपण नकोत, भिजले की वाळतच नाहीत.

गमबूट मात्र घरात एक जोड असावा, सायकलसाठी नाही, तुंबलेल्या पाण्यासाठी. शेतीच्या सामानाच्या नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि पायाला साधी चीर असली तरी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, त्यातून होणारा ताप) होऊ शकतो, म्हणून तर अशा पाण्यातून चालल्यावर २४ ते ७२ तासांत डॉक्टरच्या सल्ल्याने गोळ्या घ्या असं मुंबई महापालिका सांगत असते. डायबेटिस असेल तर हे जरा जास्तच मनावर घ्या, पायाला लागलेलं कळतच नाही. आणि पाणी गुडघ्याला लागलं तर सायकल काय नि गमबूट काय, थांबा, खाली मॅनहोल उघडं आहे का ते दिसत नाही.

घरी आलात की पाय साबणाने धुऊन बोटांच्या मधे नीट पुसा, चिखल्या तिथेच होतात आणि एकदा झाल्या की गणपती येईपर्यंत पिच्छा सोडत नाहीत. बूट वाळवताना इनसोल बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने ते बदला आणि मग पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ नको, आणि फोमच्या हलक्या चपला ऊन पडलं म्हणून गच्चीवर टाकू नका, आक्रसतात, मापात बसत नाहीत.

खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, माप बरोबर येतं. आणि गेल्या वर्षीचा जोड माळ्यावर असेल तर नवा घ्यायच्या आधी तो खाली काढून सोल अंगठ्याने जोरात दाबून बघा. पीयूचा (पॉलियुरेथेन, हलक्या फोमसारखा) सोल न वापरतासुद्धा हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो, वरून नवाकोरा दिसतो आणि पहिल्याच पावसात रस्त्यात तुकडे पडतात. दाबल्यावर भेग गेली किंवा भुगा हाताला लागला तर चिकटवायच्या भानगडीत पडू नका, टाकून द्या.