घोड्याच्या पापणीला जखम झाली? या चुका टाळा

सकाळी तबेल्याचं दार उघडलं तेव्हा चांदणी नेहमीसारखी खिंकाळली नाही. मान खाली, उजवा डोळा मिटलेला, गालावर वाळलेल्या रक्ताचा ओघळ. जवळ जाऊन पाहिलं तर वरच्या पापणीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा फाटून खाली लोंबत होता, केसांसकट. पाण्याची बादली ज्या आकड्याला अडकवतो, त्या आकड्याला तिचे चार पांढरे केस चिकटलेले होते. रात्री तिनं तिथं डोळा खाजवला असणार, आकडा पापणीत रुतला असणार आणि घाबरून तिनं मान वर झटकली असणार. घोड्यांच्या पापण्या फाटतात त्या बऱ्याचदा अशाच.

शेजारच्या गोठ्यातले काका धावत आले. जखम पाहून म्हणाले, "लोंबतंय तेवढं कात्रीनं काढून टाक. दोन दिवसांत खपली धरेल." काकांनी आयुष्यभर जनावरं सांभाळली आहेत आणि चांदणीवर त्यांचा जीव आहे. पण त्यांचं ऐकलं असतं तर तिचा डोळा कायमचा अधू झाला असता.

लोंबणारा तुकडा कापू नका

पाठीवरची किंवा पायावरची कातडी थोडी गेली तरी भरून येते. पापणीची कड मात्र पुन्हा तयार होत नाही. घोडा डोळा मिचकावतो तेव्हा बहुतेक सगळी हालचाल वरच्या पापणीची असते. तीच दर वेळी अश्रूंचा पातळ थर बुबुळावर पसरवते आणि धूळ पुसून नेते. तिच्या कडेला खाच राहिली, तर तेवढा भाग कोरडा पडतो, आत वळलेले केस बुबुळाला घासतात आणि वर्षानुवर्षं डोळ्यात व्रण होत राहतात.

तुकडा सुकलेला, काळपट, अगदी मेल्यासारखा दिसला तरी आशा सोडू नका. पापणीला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो, त्यामुळे बारीकशा देठावर लटकलेला तुकडाही जगतो. आमच्या डॉक्टरांनी काहीही कापलं नाही. कडा ताजं रक्त दिसेपर्यंत हलक्या हातानं खरवडल्या, मग आतला थर वेगळा आणि बाहेरची कातडी वेगळी असे दोन थरांत टाके घातले. पहिला टाका अगदी कडेवर, दोन्ही बाजू तंतोतंत जुळवून. गाठी बुबुळाकडे येणार नाहीत, हे ते पुन्हा पुन्हा तपासत होते.

टाके त्याच दिवशी, शक्यतो काही तासांत पडले तर उत्तम. जखम दुसऱ्या दिवशी लक्षात आली, तरी "आता उशीर झाला" म्हणून घरी बसू नका, दाखवाच. माथेरानसारख्या ठिकाणी गाड्या गावाबाहेर दस्तुरी नाक्यालाच थांबतात, डॉक्टर वर पोचेपर्यंत वेळ जातो. तोवर सलाईनमध्ये भिजवलेली स्वच्छ गॉजची घडी पापणीवर हलकेच धरायची, म्हणजे तुकडा वाळत नाही. एकानं मोरकी धरावी, दुसऱ्यानं घडी. घट्ट पट्टी बांधू नका.

हळद, चुना, फवारा, घरातली ट्यूब

जखम दिसली की आपला हात आधी डब्याकडे जातो. हळद, चुना, माशा बसू नयेत म्हणून टर्पेंटाइन, नाहीतर जखमेवर मारायचा निळा-जांभळा फवारा. खुराच्या जखमेवर काय लावता तो विषय वेगळा. इथे त्या जखमेखाली एका केसाच्या अंतरावर बुबुळ आहे. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, क्लोरहेक्सिडीन, साबण असलेलं कुठलंही स्क्रब, यातलं काहीही डोळ्याच्या आसपास नको.

धुवायला मेडिकलमध्ये मिळणारी साधी सलाईनची बाटली पुरते. पोव्हिडोन आयोडीन वापरायचंच असेल तर 10 टक्क्यांचं साधं द्रावण घ्या, स्क्रब नव्हे, आणि ते 500 मिली सलाईनमध्ये 10 मिली एवढं पातळ करा. रंग कोऱ्या चहासारखा फिका दिसला पाहिजे. कापूस वापरू नका, त्याचे धागे जखमेत अडकतात.

आता ट्यूबबद्दल, कारण मला सगळ्यांत जास्त भीती तिचीच वाटते. कुणाच्या तरी डोळ्यांसाठी आणलेली अर्धी ट्यूब घरात पडलेली असते. ती लावली की लाली कमी होते, घोडा डोळा उघडतो आणि आपल्याला वाटतं, गुण आला. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी एक जरी नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. बुबुळावर बारीकसा ओरखडा असला, तर स्टेरॉइडमुळे तो भरत नाही, उलट जंतू आणि बुरशी आत शिरतात. आपल्याकडच्या दमट हवेत बुरशीचा धोका जास्त. पाण्यात विरघळावं तसं बुबुळ दोन-तीन दिवसांत विरघळत जातं आणि डोळा जातो. म्हणून आधी बुबुळ तपासलं जावं, मगच ट्यूब, तीही डॉक्टरांनी लिहून दिलेली.

फक्त पापणीकडे बघू नका

रक्त पापणीतून येतं, त्यामुळे सगळं लक्ष तिथेच जातं. पण ज्या आकड्यानं पापणी फाडली, त्यानं बुबुळालाही ओरखडा काढलेला असू शकतो. तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. डॉक्टर फ्लोरेसीन नावाचा रंग डोळ्यात घालतात. बुबुळाचा वरचा थर जिथे निघालेला असतो, तिथे हिरवा डाग उमटतो. डॉक्टरांनी टाके घातले पण रंग घालून पाहिला नाही, तर तुम्ही विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

लाथ बसून जखम झाली असेल, तर डोळ्याभोवतीचं हाडही तपासून घ्या. बोटाखाली करकर लागली, दोन्ही बाजूंचा आकार वेगळा वाटला किंवा डोळ्याच्या आत रक्त दिसलं, तर उपचार घरच्या तबेल्यात होणारे नाहीत. नाकाकडच्या कोपऱ्यातली जखमही अवघड, कारण अश्रू वाहून नेणारी बारीक नळी तिथूनच सुरू होते. अशा वेळी परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या ठिकाणी घोडा न्यावा. जवळ डॉक्टर नसेल तर जनावरांच्या उपचारासाठी असलेल्या 1962 या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.

दुखतंय की नाही हे ओळखायची एक खूण डॉक्टरांनी मला दाखवली. घोड्याच्या समोर उभं राहून दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्यांचे केस बघायचे. निरोगी डोळ्यात ते सरळ बाहेर आलेले असतात. डोळा दुखत असेल, तर त्याच बाजूचे केस जमिनीकडे झुकतात. मी रोज सकाळी एकाच जागेवरून समोरून फोटो काढत गेले. तिसऱ्या दिवशी केस पहिल्या दिवसापेक्षा वर आलेले स्पष्ट दिसले.

धनुर्वाताची लस विसरू नका. जनावरांमध्ये धनुर्वाताला घोडा फार लवकर बळी पडतो आणि तबेल्याच्या मातीत, लिदीत ते जंतू असतातच. आधीची लस कधी दिली होती ते डॉक्टरांना सांगा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत घोडा ताठरला, आवाजानं दचकला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून तिसरी पापणी पडद्यासारखी पुढे येऊ लागली, तर ते जखमेचं दुखणं समजू नका. लगेच डॉक्टरांना फोन करा.

टाके पडल्यानंतर

भूल उतरेपर्यंत चारा-दाणा ठेवू नका. गुंगीतला घोडा नीट चावत नाही आणि घास घशात अडकतो. पापणी बधिर केलेली असेल तर काही वेळ तिला डोळा मिचकावता येत नाही. तेवढ्यापुरतं डॉक्टरांनी दिलेलं ओलावा ठेवणारं जेल घालत राहा.

दुखण्याचं औषध वजन पाहून ठरतं. "कालच्यापेक्षा आज जास्त दुखतंय" म्हणून दुसरं इंजेक्शन मनानं देऊ नका, पोटात आणि मूत्रपिंडात त्याचे परिणाम होतात. डायक्लोफेनॅक तर नकोच. ते दिलेलं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाऊन गिधाडं मरतात, म्हणून जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे.

चौथ्या-पाचव्या दिवशी सूज उतरते, जखम खाजायला लागते आणि घोडा खांबाला डोळा घासतो. घातलेले टाके सगळ्यांत जास्त याच दिवसांत उसवतात. चांदणीला आम्ही डोळ्यावर टणक वाटी असलेला मुखवटा घातला आणि रोज दोनदा काढून आत घाम-धूळ साचली आहे का ते पाहिलं. तोबरा बंद केला, कारण त्याची दोरी नेमकी डोळ्याच्या बाजूनं जाते. चारा झटकून, थोडं पाणी शिंपडून छातीच्या उंचीवर दिला. माशांसाठी लीद दिवसातून तीनदा उचलली. जखमेत अळ्या दिसल्या तर टर्पेंटाइन ओतू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा.

ट्यूब लावताना तळहाताची कड घोड्याच्या गालाच्या हाडावर टेकवा, म्हणजे त्यानं मान हलवली तरी हातही सोबत हलतो. अंगठ्यानं हाडावरची कातडी वर सरकवा, बुबुळावर दाब नको. तांदळाच्या दाण्याएवढं मलम पुरे. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.

पहिले दोन दिवस सूज असणारच. पण टाके पडल्यावर घोडा आधीपेक्षा जास्त डोळा मिटत असेल आणि पाणी वाहत असेल, तर एखाद्या टाक्याचं टोक बुबुळाला घासत असेल. त्याच दिवशी दाखवा. बुबुळावर पांढुरका किंवा निळसर ढग दिसला, पू आला, एखादा टाका सुटला, तरी तेच.

टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात. लग्नसराई असो की माथेरान-महाबळेश्वरचा हंगाम, तोवर घोडा कामावर नेऊ नका. रोजची कमाई बुडते हे मला कळतं, ज्यांचं घर घोड्यावर चालतं त्यांना हे सांगताना जीवावर येतं. पण तांबड्या धुळीत, घामात, कपाळावरच्या झालरीखाली उसवलेली पापणी दुसऱ्यांदा जोडणं फार कठीण असतं.

चांदणीचे टाके बाराव्या दिवशी निघाले. त्याच संध्याकाळी मी टॉर्च घेऊन तबेल्यात गेले आणि तिच्या डोक्याच्या उंचीवरून भिंत, दार, गव्हाण सगळीकडे हात फिरवला. तीन खिळे, तारेचं एक टोक आणि बांबूची एक फाकलेली चीर सापडली. बादलीचा आकडा काढून तिथे आता दोरीचा फास बांधला आहे.