‘शस्त्रखरेदीला मंजुरी’ ही बातमी कशी वाचावी

३ जुलै २०२५ रोजी संरक्षण मंत्री राजनाथ सिंह यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत एक बैठक झाली आणि तिच्यात सुमारे १.०५ लाख कोटी रुपयांच्या दहा प्रस्तावांना मंजुरी मिळाली. दुसऱ्या दिवशी अनेक ठिकाणी ‘लष्करासाठी लाखभर कोटींची खरेदी’ अशा आशयाचे मथळे झळकले. प्रत्यक्षात त्या दिवशी तिजोरीतून एक रुपयाही गेला नव्हता आणि दहांपैकी एकाही प्रस्तावाचा करार झालेला नव्हता. बातमी खोटी नव्हती, पण ती खरेदीचीही नव्हती. ती खरेदीच्या वाटेला लागण्याची परवानगी मिळाल्याची बातमी होती. हा फरक ओळखण्याची सवय लागली की संरक्षणविषयक बातम्या निम्म्याहून अधिक सोप्या होतात. ही सवय कशी लावून घ्यावी, ते येथे सांगतो.

आधी क्रियापद पाहा

संरक्षण खरेदी म्हणजे एक लांबलचक जिना आहे. बातमी हातात आली की शस्त्र कोणते आणि रक्कम किती याआधी एकच प्रश्न विचारावा: ही बातमी जिन्याच्या कोणत्या पायरीवरची आहे? त्याचे उत्तर बहुधा क्रियापदात असते.

‘माहिती मागवली’ असे असेल, तर ती अगदी तळाची पायरी होय. त्या टप्प्यावर लष्कर फक्त बाजारात काय उपलब्ध आहे याची चौकशी करत असते. ‘मंजुरी दिली’, ‘हिरवा कंदील दाखवला’ हे शब्द असतील आणि मंजुरी देणारी संस्था संरक्षण खरेदी परिषद, म्हणजे डीएसी असेल, तर त्याचा अर्थ ‘आवश्यकतेची स्वीकृती’ इतकाच होतो. दिल्लीच्या बोलीत हिला एओएन म्हणतात. ही वस्तू सैन्याला हवी आहे, इतक्या संख्येने हवी आहे आणि ती अमुक मार्गाने घ्यावी, एवढे सरकारने मान्य केलेले असते. ही परिषद कारगिल युद्धानंतरच्या सुधारणांतून २००१ मध्ये स्थापन झाली. संरक्षण मंत्री तिचे अध्यक्ष असतात.

यानंतर निविदा निघते. कंपन्या प्रस्ताव पाठवतात, त्यांची कागदोपत्री तांत्रिक तपासणी होते आणि मग खरी परीक्षा सुरू होते. तोफ असेल तर ती राजस्थानच्या उन्हात आणि सिक्कीमच्या थंडीतही डागून पाहावी लागते, आणि हे ऋतू कोणासाठी लवकर येत नाहीत. एका चाचणीत खोट निघाली तर पुढच्या हंगामाची वाट पाहण्यात सहज वर्ष जाते. चाचण्यांतून तावून सुलाखून निघालेल्यांचे किमतीचे लिफाफे उघडले जातात, सर्वांत कमी बोलीवाल्याशी वाटाघाटी होतात आणि ३,००० कोटींपेक्षा मोठा व्यवहार असेल तर तो पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीकडे, म्हणजे सीसीएसकडे जातो. तिने होकार दिल्यावर करारावर सही होते, आणि सहीनंतर कित्येक महिन्यांनी, बहुधा वर्षांनी, पहिली वस्तू तुकडीच्या हाती पडते.

म्हणजे ‘मंजुरी’ हा एकच शब्द डीएसीच्या बातमीतही येतो आणि सीसीएसच्या बातमीतही येतो, पण या दोन मंजुऱ्यांमध्ये पाच-सात वर्षांचे अंतर असू शकते. मंजुरी कोणी दिली हे ज्या बातमीत लिहिलेले नाही, ती बातमी अर्धवट समजावी.

एकाच तोफेच्या तीन बातम्या

पुण्यात पाषाणला डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची, एआरडीई ही प्रयोगशाळा आहे. तिने खासगी कंपन्यांना बरोबर घेऊन १५५ मिलिमीटर व्यासाची, ५२ कॅलिबरची (म्हणजे नळीची लांबी व्यासाच्या ५२ पट असलेली) ओढून नेण्याची तोफ विकसित केली. तिचे नाव अ‍ॅटॅग्स. हिच्याविषयीची कात्रणे एकापुढे एक लावली की वरचा जिना डोळ्यांसमोर उभा राहतो.

पहिले कात्रण ऑगस्ट २०१८ चे आहे. डीएसीने १५० तोफांना सुमारे ३,३६५ कोटी रुपयांची स्वीकृती दिली. ‘स्वदेशी तोफ लष्करात’ असे म्हणून तेव्हा पुण्यात पेढे वाटायला हरकत नव्हती, पण त्यानंतर दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२० मध्ये, पोखरणच्या चाचणीत याच तोफेची नळी फुटली आणि काही जण जखमी झाले. चौकशी झाली, दुरुस्त्या झाल्या, चाचण्या पुन्हा झाल्या. दुसरे कात्रण मार्च २०२३ चे आहे. त्यात डीएसीने पुन्हा स्वीकृती दिली, पण आता आकडा ३०७ तोफांचा होता. तिसरे कात्रण २६ मार्च २०२५ चे. त्या दिवशी भारत फोर्ज आणि टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्स या कंपन्यांशी तोफा आणि त्या ओढणाऱ्या गाड्या मिळून सुमारे ६,९०० कोटींचा करार झाला. कमी बोलीवाल्या भारत फोर्जला मोठा, साधारण ६० टक्क्यांचा वाटा मिळाला.

केवळ मथळे वाचणाऱ्याचा समज असा झाला असता की सरकारने आधी १५० आणि मग ३०७ मिळून ४५७ तोफा घेतल्या. वस्तुतः करार एकदाच झाला आणि तो ३०७ चाच आहे. म्हणून वेगवेगळ्या वर्षांच्या बातम्यांतल्या संख्या कधीही एकमेकींत मिळवू नयेत.

या तोफेच्या नशिबात निदान तिसरे कात्रण तरी होते. ऑगस्ट २०१८ च्या त्याच बैठकीत नौदलासाठी १११ बहुउपयोगी हेलिकॉप्टरांनाही स्वीकृती मिळाली होती आणि ती रक्कम तोफांच्या कितीतरी पट, २१,००० कोटींच्या वर होती. पुढची सात वर्षे उलटली तरी त्यांचा करार झाला नव्हता. त्या दिवशी मोठा मथळा मात्र हेलिकॉप्टरांचाच झाला होता.

रकमेला भागाकार लावू नये

एकूण रकमेला नगांच्या संख्येने भागून ‘एक विमान इतक्या कोटींना पडले’ असे सांगणे हा आपल्याकडचा आवडता उद्योग आहे. २०१६ च्या राफेल करारावर तो मनसोक्त झाला. ३६ विमाने आणि ७.८७ अब्ज युरो, म्हणजे त्या वेळचे ५८ ते ५९ हजार कोटी रुपये. भागाकार केला की १,६०० कोटींहून अधिक येतात, आणि मग कोणी दुसऱ्या देशाच्या किंवा जुन्या निविदेच्या आकड्याशी तुलना करून वाद घालतो. पण त्या रकमेत क्षेपणास्त्रे होती, भारताने मागितलेले बदल होते, सुटे भाग होते आणि विमाने ठरावीक प्रमाणात उड्डाणयोग्य ठेवण्याची हमीही होती. गाडीची किंमत सांगताना कोणी शोरूमची सांगावी, कोणी विमा-नोंदणीसह सांगावी आणि तिसऱ्याने पाच वर्षांच्या सर्व्हिसिंगसह सांगावी, तशातला हा प्रकार आहे. कॅगने, म्हणजे देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये संसदेत ठेवलेल्या अहवालातसुद्धा राफेलच्या किमतीचे तपशील झाकलेलेच होते. तेव्हा मूळ तपशिलाशिवाय आपण केलेल्या भागाकाराला फारसा अर्थ उरत नाही.

देशी कराराचेही तसेच आहे. ८३ तेजस मार्क-१ए या देशी लढाऊ विमानांचा करार बहुतेक ठिकाणी ‘४८,००० कोटींचा’ म्हणून छापून आला, पण जानेवारी २०२१ मधील सीसीएसच्या मंजुरीत विमानांसाठी ४५,६९६ कोटी आणि आराखडा व पायाभूत सोयींसाठी १,२०२ कोटी असे आकडे होते. बातमीत आकडा आला की त्यात काय काय धरले आहे हे शोधावे, आणि ते सापडले नाही तर आकड्यापुढे ‘सुमारे’ लिहून पुढे जावे.

आणखी एक. कराराची रक्कम एका वर्षात खर्च होत नाही. सहीच्या वेळी थोडी आगाऊ रक्कम जाते आणि उरलेली जसजसा माल येतो तसतशी वर्षानुवर्षे जाते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाला ६.८१ लाख कोटी मिळाले. त्यांपैकी सेनादलांच्या भांडवली, म्हणजे मुख्यतः शस्त्रसामग्री घेण्याच्या, खर्चासाठी १.८० लाख कोटी होते, तर निवृत्तिवेतनासाठी १.६० लाख कोटींहून अधिक. त्या भांडवली रकमेतला मोठा हिस्सा जुन्या करारांचे हप्ते फेडण्यातच जातो. एका बैठकीत १.०५ लाख कोटींची स्वीकृती कशी दिली जाऊ शकते, याचे उत्तर इथे आहे: तो खर्च या वर्षाचा नसतो, आणि त्यातला काही कधीच होत नाही.

‘स्वदेशी’ म्हणजे किती आणि कोणते

१ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या खरेदी पद्धतीत ‘बाय इंडियन-आयडीडीएम’ हा सर्वांत वरच्या पसंतीचा वर्ग आहे. या वर्गात आराखडा भारतीय असावा लागतो आणि किमान ५० टक्के मूल्य देशात निर्माण झालेले असावे लागते. ही टक्केवारी किमतीवर मोजतात, महत्त्वावर नाही. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखे आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ तेजसांसाठी ६२,३७० कोटींचा करार झाला आणि त्यात स्वदेशी अंश ६४ टक्क्यांहून अधिक असल्याचे सांगण्यात आले. उरलेल्यात इंजिन आहे. ते अमेरिकेच्या जीई कंपनीचे एफ-४०४. आधीच्या ८३ विमानांसाठी ९९ इंजिनांची मागणी २०२१ मध्ये नोंदवली गेली होती आणि त्यांतले पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळाले. विमाने द्यायला मात्र २०२४ च्या सुरुवातीपासूनच लागायचे ठरले होते. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात तयार झालेले पहिले मार्क-१ए आकाशात झेपावले, आम्हां मराठी मंडळींना त्याचे कौतुक वाटले आणि ते रास्तही होते. तरीही त्या दिवसापर्यंत हवाई दलाच्या ताब्यात एकही मार्क-१ए आलेले नव्हते, आणि तीनच आठवड्यांपूर्वी मिग-२१ निवृत्त झाल्यामुळे लढाऊ विमानांच्या ४२ स्क्वाड्रनची, म्हणजे तुकड्यांची, मंजुरी असलेल्या हवाई दलाकडे २९ उरल्या होत्या.

म्हणून टक्केवारी वाचली की लगेच विचारावे: जो भाग अडला तर सगळे अडते, तो कोठून येतो? विमानात ते इंजिन असते आणि कित्येक क्षेपणास्त्रांत टोकाला बसवलेला, लक्ष्य हेरणारा शोधक असतो.

‘चाचणी यशस्वी’

याविषयी थोडक्यातच. डीआरडीओने स्वतः घेतलेली विकासाची चाचणी वेगळी आणि सैन्याने स्वतःच्या जवानांकरवी घेतलेली वापरकर्त्याची चाचणी वेगळी. नाग या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राचा कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला. त्याच्या यशस्वी चाचण्यांच्या बातम्या वाचत आमची पिढी लहानाची मोठी झाली, वापरकर्त्याची अंतिम चाचणी ऑक्टोबर २०२० मध्ये झाली आणि ते डागणाऱ्या चिलखती वाहनांचा करार मार्च २०२५ मध्ये झाला.

सोबत काय आले नाही

बातमी वस्तूची असते, क्षमता मात्र संचाची असते. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्यांचा फ्रेंच कंपनीशी करार २००५ मध्ये झाला, पहिली आयएनएस कलवरी डिसेंबर २०१७ मध्ये आणि सहावी आयएनएस वाघशीर १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. या पाणबुड्यांसाठी निवडलेल्या इटालियन जड टॉर्पेडोची खरेदी मात्र २०१६ मध्ये रद्द झाली, कारण त्या कंपनीच्या समूहाचे नाव अतिविशिष्ट व्यक्तींसाठीच्या हेलिकॉप्टर खरेदीतल्या लाच प्रकरणात गुंतले होते. परिणामी नव्याकोऱ्या पाणबुडीत जुन्या पिढीचे टॉर्पेडो गेले. दाखल होण्याच्या सोहळ्याच्या बातमीत हे शोधूनही सापडणार नाही. त्यासाठी शस्त्र, दारूगोळा, सुटे भाग आणि प्रशिक्षण या चार गोष्टींचा उल्लेख करारात आहे का, हे वेगळे पाहावे लागते.

वही आणि कागदपत्रे

मी स्वतः एक साधी आडव्या पानांची वही ठेवतो. तारीख, वस्तू, संख्या, पायरी, मंजुरी कोणाची, रक्कम, पहिली वस्तू कधी येणार आणि प्रत्यक्षात कधी आली, असे रकाने आहेत. नवी बातमी आली की नवी ओळ लिहीत नाही, आधी त्या वस्तूची जुनी ओळ शोधतो आणि तिच्याखालीच भर घालतो. शेवटच्या दोन रकान्यांतले अंतर हळूहळू बोलू लागते. हवाई दल प्रमुख अमर प्रीत सिंग यांनी मे २०२५ मध्ये, वेळेत पूर्ण झालेला एकही प्रकल्प आपल्याला आठवत नाही असे जाहीरपणे सांगितले, तेव्हा बऱ्याच जणांना धक्का बसला. ज्यांनी अशी वही ठेवली होती त्यांना तो बसला नसावा.

रकाने भरायला कागदपत्रे फुकट मिळतात. पत्र सूचना कार्यालयाचे, म्हणजे पीआयबीचे, निवेदन हे मूळ असते, तेव्हा बातमीत शंका आली की त्याच तारखेचे निवेदन उघडावे. त्यात एओएनचा उल्लेख आहे की करारावर सही झाल्याचा, हे पहिल्याच परिच्छेदात कळते. वर्षाच्या शेवटी मंत्रालय झालेल्या करारांची बेरीज सांगते. २०२४-२५ मध्ये १९३ करार झाले आणि त्यांची रक्कम २,०९,०५० कोटी होती. स्वीकृतीच्या आकड्यांपेक्षा हाच आकडा लक्षात ठेवावा. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अनुदान मागण्यांवरचे अहवाल रुक्ष वाटतात, पण सेनादलांनी किती मागितले आणि किती मिळाले हे तिथे शेजारीशेजारी वाचायला मिळते. कॅगचे अहवाल उशिरा येतात आणि म्हणूनच उपयोगी पडतात, कारण तोवर वस्तू आली की नाही हे ठरलेले असते.

आपत्कालीन खरेदीसाठी मात्र वहीत वेगळे पान ठेवावे. तिथे जिना आखूड असतो, एका कराराची मर्यादा ३०० कोटींची आणि वस्तू साधारण वर्षभरात यावी अशी अट असते. जून २०२५ मध्ये दहशतवादविरोधी कारवायांसाठी असे १३ करार झाल्याचे जाहीर झाले, एकूण १,९८१.९० कोटींचे, आणि त्यांत ड्रोन, ड्रोनविरोधी यंत्रणा, बुलेटप्रूफ जाकिटे अशी सामग्री होती. या पानावर ‘कधी येणार’च्या रकान्यात करारापासून बारावा महिना लिहून ठेवावा आणि तो महिना उजाडला की संसदेच्या अधिवेशनातली लेखी उत्तरे चाळावीत.