शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वास अडकतोय? आधी हे करा

खानापूरला मामांकडे गेलो की मी सोप्यात झोपायचो. मामांचं घोरणं पार माजघरापर्यंत जायचं. एका रात्री ते मध्येच थांबलं. मी मनात आकडे मोजले. वीसच्या पुढे गेलो, तेव्हा कुठे गुदमरल्यासारखा त्यांनी श्वास ओढला. मामी म्हणाली, "गाढ झोप लागते रे त्यांना."

ती गाढ झोप नव्हती, स्लीप अ‍ॅप्निया होता. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. म्हणून पहिलं काम शेजारी झोपणाऱ्याचं.

दोन-तीन रात्री मोबाईलवर आवाजासकट व्हिडिओ घ्या. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबत असेल तर ते डॉक्टरांना दाखवायलाच हवं. सकाळी डोकं दुखणं, तोंड कोरडं पडणं, रात्री वारंवार लघवीला उठणं, दिवसा बसल्या जागी डुलकी लागणं, हेही लिहून ठेवा. बायकांमध्ये घोरण्यापेक्षा थकवा आणि झोपमोडच जास्त दिसते, त्यामुळे त्यांचा आजार ओळखायला उशीर होतो.

दुर्लक्ष केलं तर रक्तदाब वाढतो, कधी गोळ्या वाढवूनही उतरत नाही. हृदयाचे ठोके अनियमित होणं, पक्षाघात, मधुमेह यांचाही धोका वाढतो. आणि गाडी! दिवसा डोळा लागत असेल, तर उपचार सुरू होऊन झोप सुधारेपर्यंत हायवेवर किंवा चोर्ला घाटात स्टेअरिंग हातात घेऊ देऊ नका. भांडण झालं तरी चालेल.

कान-नाक-घशाचे किंवा छातीचे डॉक्टर गाठा. बेळगावला जाण्याआधी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, होते का, हे फोन करून विचारा. निपाणीकडच्यांना कोल्हापूरही जवळ पडतं. तपासणीत तासाला किती वेळा श्वास अडकतो ते मोजतात. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र.

सौम्य असेल तर वजन उतरवणं, कुशीवर झोपणं, रात्रीची दारू बंद करणं यानंही फरक पडतो. झोपेची गोळी मनानं घेऊ नका. काहींना दातांच्या डॉक्टरांकडून खालचा जबडा पुढे धरणारं साधन बनवून मिळतं.

मध्यम-तीव्र आजारात मुख्य उपचार सीपॅप. मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं हे यंत्र 1981 मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी जगापुढे आणलं. पहिले पंधरा दिवस कठीण जातात. मामांनी दोनदा मास्क काढून फेकला. मग दिवसा जागेपणी, बातम्या बघताना अर्धा तास लावायची सवय केली, तेव्हा जमलं. मास्क नाकाशी सैल बसला की हवा डोळ्यांत जाते. माप बदलून घ्या. मास्क रोज सौम्य साबणानं धुवा, हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणीच घाला. खानापूरच्या पावसाळ्यात नळी नीट वाळवा, नाहीतर बुरशी धरते. वीज जाते तिथे इन्व्हर्टरवर जोडून घ्या.

लहान मूल रोज घोरत असेल तर टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी तपासून घ्या. मुलांत पुष्कळदा तेच कारण असतं आणि शस्त्रक्रियेनं बहुतेकांना आराम पडतो.