भजन मंडळाचं मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग घरी करायचं तं इंटरफेस कोणता घ्यावा

पहिले माझी फजिती ऐका, मंग डब्ब्याचं, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमधे नेणाऱ्या इंटरफेसचं बोलू. काही वर्षाआधी आमच्या गावच्या खंजिरी भजन मंडळाचं रेकॉर्डिंग करायचं म्हणून मी ८ चॅनलचा मिक्सर घेऊन आलो, खोक्यावर मोठ्या अक्षरात यूएसबी लिहिलेलं, दुकानदार म्हणे लॅपटॉपला लावा न करा सुरू. ओसरीत सतरंजी टाकून सगळे बसले, दोन तास मस्त भजन झालं, आणि नंतर लॅपटॉपमधे पाहतो तं ट्रॅक दोनच, डावा न उजवा, सगळे माइक त्यातच घोटलेले. बुवांनी हेडफोन लावला न म्हणाले, "काहून रे पोट्ट्या, माहा आवाज कोठी गेला? हे तं निरी खंजिरीच वाजून राह्यली." आता खंजिरी कमी कराले जावं तं बुवाही कमी होत, कारण दोघं एकाच ट्रॅकमधे. वरणात पडलेलं मीठ वेगळं काढता येते का? तसंच ते.

म्हणून घ्यायच्या आधी एकच प्रश्न विचारा: यूएसबीवरून कम्प्युटरमधे वेगवेगळे चॅनल किती जातात? बऱ्याच यूएसबी मिक्सरमधून फक्त तयार स्टीरिओ मिक्स जातो. दुकानदाराले माहीत नसलं तं कंपनीचं मॅन्युअल डाउनलोड करून पाहा, त्याच्या "हो हो सगळं होते" वर जाऊ नका.

मंग मंडळ मोजा. एकाच वेळी कोण कोण वाजवते ते. आमचा हिशोब असा होता: बुवा १, हार्मोनियम १, ढोलकीच्या दोन पुड्या म्हणून २, खंजिरी १, टाळ १, मागं म्हणणाऱ्यांले १. झाले ७. म्हणजे ८ प्रीॲम्पचा (माइकचा सिग्नल वाढवणारे, एका माइकले एक) इंटरफेस पाहिजे, ४ चा घेऊन भागत नाही. पण तुम्ही एकटेच असाल, आज ढोलकी, उद्या पेटी, परवा गाणं असं थरावर थर चढवणार असाल तं २ इनपुटचा बास आहे, उगाच पैसे घालू नका.

मॉडेलच्या नावातल्या आकड्याला मात्र भुलायचं नाही. फोकसराइट स्कार्लेट ४आय४ मधे माइक प्रीॲम्प २ च आहेत, बाकी दोन लाइन इनपुट, म्हणजे आधीच वाढवलेल्या सिग्नलसाठी. १८आय२० मधे माइकचे ८, उरलेले ८ एडॅट नावाच्या ऑप्टिकल वायरवरून आणि २ एसपीडिफ नावाच्या दुसऱ्या डिजिटल जोडणीवरून. बेहरिंगर यूएमसी ४०४ मधे ४ न यूएमसी १८२० मधे ८. माझं मत, मंडळासाठी घेत असाल तं एडॅट इनपुट असलेलाच घ्या. त्या एका बारीक वायरवरून ४८ किलोहर्ट्झला (म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने घेताना) ८ चॅनल येतात, म्हणजे उद्या माणसं वाढली तं बेहरिंगर एडीए ८२०० सारखा ८ प्रीॲम्पचा डब्बा जोडला की १६ माइक. ९६ किलोहर्ट्झ केलं की मात्र एका वायरवर ४ च चॅनल मिळतात, म्हणून ४८ वरच राहा, भजनाले काही फरक पडत नाही. आणि दोन डब्बे जोडले की घड्याळ (नमुन्यांचा ताल धरणारं क्लॉक) एकाचंच चालवा, एक मालक न दुसरा त्याच्या मागं, नाहीतर रेकॉर्डिंगमधे टिकटिक येते न माणूस उगाच केबल बदलत बसते.

आता प्रीॲम्प. याचं काम इतकंच की माइकमधून येणारा बारीकसा सिग्नल वाढवून कामाच्या पातळीवर आणणे. लोक याच्यावर लय भांडतात. पण आपल्या मंडळात खंजिरी न टाळ इतके जोरात वाजतात की त्यांले गेन (ही वाढ) लागतच नाही, उलट इनपुट फाटते, म्हणून तिथं सिग्नल कमी करणारं पॅडचं बटण आहे का ते पाहा. खरी परीक्षा एकतारीची न दबक्या आवाजात गाणाऱ्याची, तिथं गेन चढवावा लागते न हिस्स ऐकू येते. शूर एसएम७बी सारख्या माइकले तं कमीत कमी ६० डीबी गेन पाहिजे, स्वस्तातला डब्बा तिथं दमते. मंग क्लाउडलिफ्टरसारखा बूस्टर मधात लावतात, तो फॅन्टमवर (इंटरफेसमधून माइकच्या वायरवरूनच जाणाऱ्या करंटवर) चालते न २५ डीबीपर्यंत वाढवून देते. स्पेसिफिकेशनमधे ईआयएन नावाचा आकडा राहते, म्हणजे प्रीॲम्पची स्वतःची हिस्स किती ते, उणे १२८ डीबीच्या आसपास असला की झालं. १५० ओहमच्या माइकसाठी उणे १३१ च्या खाली जाताच येत नाही, मंग वरच्या तीन डीबीसाठी कशाले घर विकता?

वेगळा महागडा प्रीॲम्प मी तरी सगळ्यात शेवटी घेईन. आमच्या खोलीत कूलर, बाहेर बकऱ्या, वर टिनाचं छप्पर, त्याच्यात प्रीॲम्पची हिस्स शोधून सापडत नाही. घेतलाच तं तो इंटरफेसच्या लाइन इनपुटमधे लावा, माइक इनपुटमधे लावला तं दोन प्रीॲम्प एकावर एक बसतात न पैसे पाण्यात. ८ इनपुटच्या बऱ्याच डब्ब्यांत ४८ व्होल्टच्या फॅन्टमचं बटण चार-चार माइकले मिळून एकच राहते, त्यामुळे फॅन्टम लागणारे कंडेन्सर माइक एका गटात लावा. एसएम५८ सारख्या साध्या डायनॅमिक माइकले चांगल्या एक्सएलआर केबलवर फॅन्टमनं काही होत नाही.

लाइटीचं मात्र मनावर घ्या भाऊ, कारण खेड्यात अर्धं रेकॉर्डिंग तिथंच नासते. हेडफोनमधे घूंऽऽ असा आवाज आला तं पहिले लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. बंद झाला तं प्रीॲम्प बिचारा निर्दोष आहे. आमच्याकडं उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला होता, कोळसा-मीठ नवीन भरलं, दोन बादल्या पाणी टाकलं न घूं बरीच कमी झाली. प्लगची अर्थिंगची पिन मोडायचा सल्ला कोणी दिला तं ऐकू नका, जिवाशी खेळ आहे तो. मोठे इंटरफेस यूएसबीच्या करंटवर चालत नाहीत, त्यांले आपली वेगळी लाइट लागते, म्हणून लाइट गेली की लॅपटॉप जिवंत न डब्बा मेलेला. छोटा यूपीएस ठेवाच.

सगळे एकत्र बसून वाजवतात तेव्हा रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधे बफर ५१२ ठेवा, लेटन्सीची (हेडफोनमधे आवाज उशिरा येण्याची) भानगडच नाही. एकट्यानं थर चढवताना डायरेक्ट मॉनिटर चालू करा, म्हणजे आवाज लॅपटॉपमधून न फिरता सरळ हेडफोनमधे येते. २४ बिट ठेवा न आवाजाचा सगळ्यात उंच टोला सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास येऊ द्या, बुवा रंगात आले की आवाज वाढणारच आहे. ८ ट्रॅकचे तासाला ४ जीबीच्या वर जातात, हार्ड डिस्क आधी रिकामी करा.

आम्ही आता पहाटे साडेचारला बसतो. कूलर बंद ठेवता येते, लाइट बहुतेक असते, आणि बकऱ्या झोपलेल्या. फक्त कोंबड्याचं काही जमलं नाही, तो बुवांच्याच ट्रॅकवर आहे.