कूलंटची टाकी कशी सांभाळावी

कूलंटच्या, म्हणजे कापताना टूल आणि जॉब (कापायचा तुकडा) थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीतली पातळी खाली गेली की नळाचे पाणी बादलीने ओतायचे, ही सवय मशीन शॉपमध्ये सर्रास दिसते. जॉबवर गंज, टूल लवकर बोथट होणे, सुट्टीनंतरचा कुजका वास, हातांना खाज. या तक्रारींचे मूळ पुष्कळदा त्या बादलीतच असते.

निवड

वेग जास्त आणि उष्णता जास्त असेल तर पाण्यात मिसळणारे कूलंट घ्या. वेग कमी पण घर्षण जास्त असेल, जसे ब्रोचिंग (दातेरी टूल ओढून कापणे) किंवा अवघड टॅपिंग (भोकात आटे पाडणे), तर पाणी न मिसळता वापरायचे कटिंग ऑइल बरे. ग्राइंडिंगला सिंथेटिक (खनिज तेल नसलेले) कूलंट सोयीचे, कारण त्यात बारीक कण लवकर खाली बसतात. अ‍ॅल्युमिनियम आणि पितळावर काही कूलंटचे डाग पडतात. आधी एका तुकड्यावर पाहा. मॅग्नेशियमची गोष्ट वेगळी. पाण्याशी त्याची प्रक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकले तर आग भडकते.

भरण्याआधी

जुने कूलंट काढण्यापूर्वी त्यात टाकी साफ करणारे रसायन घालून ते पाइपांतून फिरवा, मग तळाचा गाळ खरवडून काढा. गाळ राहिला तर त्यातले जिवाणू नवे कूलंट लवकर नासवतात.

मिसळताना आधी पाणी, मग ढवळत ढवळत तेल (न मिसळलेले मूळ कूलंट). उलट केले तर सायीसारखा लगदा होतो आणि तो नीट विरघळत नाही. कठीण पाण्याने साबणासारखा साका धरतो, म्हणून शक्यतो मृदू पाणी वापरा.

रोजचे मोजमाप

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. रिफ्रॅक्टोमीटरवर (मिश्रणाचा घट्टपणा मोजणाऱ्या उपकरणावर) दोन थेंब ठेवून आकडा वाचा आणि त्याला कूलंटच्या माहितीपत्रकातल्या गुणकाने गुणा. आकडा ४ आणि गुणक १.५ असेल तर प्रमाण ६ टक्के. गुणायला विसरणे ही नेहमीची चूक. सर्वसाधारण मशीनिंगला ५ ते १० टक्के प्रमाण चालते. नेमके किती ते माहितीपत्रकात असते.

पाण्याची वाफ होते तेव्हा मिश्रण घट्ट होते. चिप्सबरोबर (कापून निघालेल्या धातूच्या कपच्यांबरोबर) मात्र तेल आणि पाणी दोन्ही जातात. म्हणून भर घालायची ती पातळ मिश्रणाची. समजा, २०० लिटरच्या टाकीत १६० लिटर उरले, प्रमाण ८ टक्के आहे आणि तुम्हाला ७ हवे आहे. टाकीत आता १२.८ लिटर तेल आहे, हवे १४. म्हणजे ४० लिटरच्या भरीत १.२ लिटर तेल, ३ टक्के. दोन मिनिटांचा हिशेब आहे, तो वहीत लिहा.

आठवड्यातून एकदा पीएच पाहा. तो बहुधा ८.५ ते ९.५ असतो. घसरू लागला की जिवाणू वाढले असे समजा. वर तरंगणारे स्लाइडवेचे (मशीनच्या सरकत्या भागांचे) तेल स्किमरने, म्हणजे वरचा थर उचलणाऱ्या साधनाने, काढत राहा. त्या थराखाली हवा पोचत नाही आणि सडक्या अंड्यासारखा वास सोडणारे जिवाणू तिथेच फोफावतात. मशीन लांब सुट्टीत बंद राहणार असेल तर मधूनमधून कूलंट फिरवण्याची सोय करा.

माणसाची काळजी

न मिसळलेले तेल ओतताना नायट्राइल हातमोजे आणि चश्मा घाला. फिरत्या स्पिंडलजवळ मात्र हातमोजे कधीच नकोत, ते हात आत ओढतात. चिप्स अडकलेल्या फडक्याने हात पुसू नका. बारीक ओरखड्यांतून त्वचारोग सुरू होतो. तेलकट फडके खिशात ठेवू नका आणि अंगावर हवेचा झोत मारू नका.

कूलंटचे धुके दिसत नाही तेव्हाही श्वासात जाते. अमेरिकेच्या नायोश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने १९९८ मध्ये दर घनमीटर हवेत ०.४ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली, तीही फक्त श्वासनलिकेत उतरू शकणाऱ्या कणांसाठी. मशीनची सायकल (एका जॉबचे काम) संपल्यावर थोडे थांबून मगच दार उघडा. कामाच्या दिवशी खोकला आणि धाप, सुट्टीत आराम, असे होत असेल तर डॉक्टरांना कूलंटबद्दल आवर्जून सांगा. गंज थांबवायला मनाने सोडियम नायट्राइट टाकू नका. कूलंटमधल्या अमाइन रसायनांशी मिळून त्यातून कर्करोगकारक नायट्रोसामाइन बनू शकतात.

टाकून देताना

निकामी कूलंट गटारात ओतू नका. ते झाकणाच्या पिंपात साठवा, पिंपावर नाव आणि तारीख लिहा आणि घातक कचरा हाताळण्याचा परवाना असणाऱ्यालाच द्या.