क्लिक थांबल्यावरही लय टिकावी म्हणून

ड्रम शिकायला येणारे बहुतेक जण पहिल्याच भेटीत हात वेगात कसे चालतील हे विचारतात. मी मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र, ६० वर (मिनिटाला ६० मात्रा) लावते आणि अगदी साधा ठेका धरायला सांगते. हाय-हॅटवर (एकावर एक बसवलेल्या दोन झांजा) आठ ठोके, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर (समोरचा खणखणीत ड्रम). फिल (ठेक्यामधली छोटी भरणी) नाही, क्रॅश (मोठी झांज) नाही, सलग दोन मिनिटं एवढंच. ६० ला दोन मात्रांमध्ये पूर्ण एक सेकंद असतो आणि तेवढ्या जागेत हात चुळबुळायला लागतात. स्नेअर जरा आधी पडतो. किक आणि हाय-हॅट एकाच वेळी पडायला हवेत, तिथे ‘धप-टक’ असे दोन वेगळे आवाज येतात. वेगात वाजवताना हे सगळं झाकलं जातं. म्हणून मी आधी कानावर काम करून घेते, वेग नंतर. सराव, स्टेज आणि हल्लीची यंत्रं या तिन्हींचा उपयोगही कान तयार करण्यासाठीच करावा, असं माझं ठाम मत आहे.

रुडिमेंट्स, म्हणजे ठोक्यांचे मूलभूत नमुने, त्यांबद्दल थोडक्यात. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवादकांच्या संस्थेच्या यादीत ४० रुडिमेंट्स आहेत, पण सगळ्यांच्या मागे लागू नका. सिंगल स्ट्रोक, डबल स्ट्रोक (एका हाताचे सलग दोन ठोके), पॅराडिडल आणि फ्लॅम (मुख्य ठोक्याच्या किंचित आधी एक हलका ठोका) हे चार वर्षभर पुरतात. डबल स्ट्रोकमधला दुसरा ठोका जवळजवळ प्रत्येकाचा दबलेला असतो. प्रॅक्टिस पॅडवर डोळे मिटून वाजवा आणि फक्त दुसऱ्या ठोक्याकडे कान ठेवा. सुरुवात डाव्या हाताने करा. पॅराडिडल, म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा, पॅडवर बसला की लगेच ड्रमसेटवर न्या. उजवा हात हाय-हॅटवर, डावा स्नेअरवर, डाव्याचे ठोके अगदी हलके आणि मात्रेवर येणारे तेवढे ठसठशीत. त्याच व्यायामाचा ठेका होतो आणि सराव कशासाठी चाललाय ते हातांनाही कळतं.

आता क्लिक, म्हणजे मेट्रोनोमचा ठोका. प्रत्येक मात्रेवर क्लिक लावून तासन् तास वाजवणारे पुष्कळ भेटतात. क्लिक बंद केला की त्यांची लय चढते. कारण सोपं आहे: लय यंत्राने धरलेली असते, ते नुसते तिच्यामागून जात असतात. म्हणून क्लिक हळूहळू काढून घ्यायचा. समजा तुमचा ठेका ८० चा आहे. मेट्रोनोम ४० वर लावा आणि जो ठोका ऐकू येईल तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे असं धरून वाजवा. सुरुवातीला तो पुन्हा पुन्हा पहिल्या मात्रेवर सरकतो. मग हात थांबवून नुसतं तोंडाने मोजा, मोजणी बसली की हात लावा. हे जमलं की २० वर या, म्हणजे चार मात्रांच्या एका बारमध्ये (आवर्तनात) एकच क्लिक. तो पहिल्या मात्रेवर ठेवा, काही दिवसांनी चौथ्यावर.

यापुढची पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते. अनेक मेट्रोनोम अ‍ॅपमध्ये काही बार आवाज आणि काही बार शांतता अशी सोय असते. चार बार क्लिक, चार बार काहीच नाही. ८० च्या लयीत ही शांतता १२ सेकंदांची असते. क्लिक परत येईल तेव्हा तुम्ही त्याच्या पुढे आहात की मागे, एवढंच बघायचं आणि वहीत लिहायचं. प्रत्येकाची चूक साधारण एकाच दिशेने जाते. माझ्याकडच्या एका मुलीचा नुसता ठेका शांततेतही जागेवर राहायचा, पण आठव्या बारला फिल घेतला की ती दर वेळी क्लिकच्या आधी समेवर पोहोचायची. आम्ही फिल बारकाईने ऐकला. टॉमवरून फ्लोअर टॉमकडे (बाजूला जमिनीवर उभ्या असलेल्या मोठ्या ड्रमकडे) हात नेताना शेवटचे दोन ठोके ती घाईने उरकत होती. मग तोच फिल एकट्या स्नेअरवर, हात कुठेही न हलवता वाजवून घेतला, नंतर पुन्हा टॉमवर नेला. दोष फिलमध्ये नव्हता, हाताच्या प्रवासात होता. नुसतं ‘लय सांभाळ’ म्हणून हे कधी सुधारलं नसतं.

स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर हातांनी काय केलं हे आठवत असतं आणि कान प्रामाणिक राहत नाहीत. फोन पुरेसा आहे, फक्त ड्रमसेटपासून जरा लांब ठेवा, नाहीतर आवाज फाटतो. एका वेळी एकच गोष्ट ऐकायची: आज हाय-हॅट, उद्या स्नेअरचा जोर. दोन माइक मिळाले तर ते ड्रमसेटच्या वर लावा, पण स्नेअरच्या मध्यापासून दोन्ही सारख्या अंतरावर. दोरी घेऊन मोजा. अंतर कमी-जास्त झालं तर स्नेअरचा आवाज दोन माइकमध्ये वेगवेगळ्या वेळी पोहोचतो आणि एकत्र ऐकताना पातळ लागतो.

इलेक्ट्रॉनिक ड्रम असेल तर आणखी जवळून बघता येतं. मिडी रेकॉर्डिंगमध्ये (आवाजाऐवजी ठोक्यांची माहिती नोंदवणारं रेकॉर्डिंग) प्रत्येक ठोक्याची वेळ आणि १ ते १२७ या मापात त्याचा जोर दिसतो. सुटे ठोके बघून हवालदिल होऊ नका, एकूण घडण बघा. सगळे स्नेअर मात्रेच्या नेमक्या रेषेपेक्षा १० मिलिसेकंद मागे असतील तर तो तुमच्या वाजवण्याचा स्वभाव आहे आणि बऱ्याच गाण्यांत तो छानच वाटतो. एक १५ ने पुढे, पुढचा २० ने मागे, असं असेल तर कामाला लागा. या आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सांगते: आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे पाच मीटरवरच्या बास अ‍ॅम्पचा सूर तुमच्यापर्यंत १५ मिलिसेकंद उशिराच येतो. क्वांटाइझचं, म्हणजे ठोके आपोआप नेमक्या जागी सरकवणारं बटण मात्र सरावाच्या रेकॉर्डिंगवर दाबू नका. आरशात बघायचं आणि आरशातलाच चेहरा पुसून सरळ करायचा, यात हाती काही लागत नाही.

उशिराचा प्रश्न यंत्रातही असतो. संगणक आवाजाचे नमुने (सॅम्पल) थोडे थोडे गोळा करून पुढे पाठवतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० सॅम्पल असताना बफर १२८ चा असेल तर सुमारे २.७ मिलिसेकंद जातात, ५१२ ला १०.७, शिवाय इंटरफेसचा (आवाज संगणकात नेणाऱ्या-आणणाऱ्या उपकरणाचा) उशीर वेगळा. हे न बघता अनेक जण संगणकातून आवाज घेऊन वाजवतात आणि नकळत घाई करायला शिकतात. बफर कमी ठेवा, हेडफोन वायरचे वापरा. ब्लूटूथ सरावाला चालत नाही. आणि इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या मेश हेडवर (जाळीच्या पृष्ठभागावर) काठी फार उसळते, म्हणून आठवड्यातून काही वेळ तरी खऱ्या ड्रमवर बसा.

ड्रम मशीनला शत्रू समजणारे ड्रमर मला कळत नाहीत. रॉजर लिन यांनी बनवलेलं एलएम-१ हे ड्रम मशीन १९८० साली आलं, त्यात खऱ्या ड्रमचे ध्वनी साठवलेले होते आणि स्विंग, म्हणजे मधले ठोके जरा उशिरा टाकून येणारा झोका, कमी-जास्त करायची सोयही होती. आज तोच स्विंग जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये टक्क्यांत मिळतो. बऱ्याच ठिकाणी ५० म्हणजे सरळ आणि ६६ च्या आसपास ट्रिप्लेटचा (तीन सारख्या भागांचा) झोका. खरी मजा या दोन टोकांच्या मधे आहे. हाय-हॅटचे सोळा ठोके ५४ वर लावून त्याच्याबरोबर वाजवा, मग ५८, मग ६२. मशीन आणि तुमचा हाय-हॅट मिळून एकच आवाज येईपर्यंत पुढे जाऊ नका. झोका किती द्यायचा हे कानाला इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुठल्याही सरावाने कळलेलं मी पाहिलेलं नाही.

गाण्यातून ड्रम वेगळे काढणारी साधनंही आता हाताशी आहेत. आधी फक्त ड्रम ऐका, मग ड्रम काढून टाकून उरलेल्या गाण्यावर स्वतः वाजवा. एक ध्यानात ठेवा: अशा वेगळ्या काढलेल्या ट्रॅकमध्ये सिंबल्स विरघळल्यासारखे येतात आणि स्नेअरचे हलके ठोके अनेकदा गायब होतात. ते ऐकू आले नाहीत म्हणजे वाजवलेच नव्हते, असं समजू नका. मूळ गाणं शेजारी ठेवा.

स्टेजवर उत्साहाच्या भरात लय चढणार, हे धरून चला. गाण्यांच्या यादीत प्रत्येक नावासमोर टेम्पो लिहा. काउंट (सुरुवातीची ‘एक-दोन-तीन-चार’ मोजणी) देण्याआधी त्या गाण्याचं ध्रुवपद मनात एकदा गा, शब्द तोंडात नीट बसतात त्या वेगाने मोजा. सरावात जेवढे फिल घेता त्याच्या निम्मे घ्या, गायकाच्या ओळीवर एकही नको. बॅकिंग ट्रॅक (आधी रेकॉर्ड केलेली साथ) असेल तर डाव्या बाजूला क्लिक आणि उजव्या बाजूला संगीत अशी फाइल करता येते. उजवी बाजू सभागृहात, दोन्ही तुमच्या कानात. बँड आणि ट्रॅक एकमेकांपासून सुटले तर ट्रॅक बंद करायचा आणि ठेका तसाच चालू ठेवायचा. बंद कोण करणार हे तालमीतच ठरवा. ते काम बहुधा ड्रमरकडेच येतं, तेव्हा बटण हात पोहोचेल असं ठेवा.

छोट्या खोलीत ड्रमसेट सहज १०० डेसिबलच्या वर जातो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते, म्हणजे १०० ला १५ मिनिटं. इअरप्लग रोज घाला, घरच्या सरावालाही. संगीतकारांसाठीचे घेतलेत तर सिंबलचा आवाज मातकट होत नाही.

कार्यक्रमानंतर साउंड बघणाऱ्याकडून मिक्सरवरचं रेकॉर्डिंग मागून घ्या. जागा लहान असेल तर त्यात ड्रम फार बारीक लागतील, कारण स्टेजवरून ते तसेही भरपूर ऐकू जात असतात आणि मिक्सरवर कमी ठेवलेले असतात. आवाजाच्या मोठेपणावरून काही ठरवू नका. गाण्याच्या पहिल्या आणि शेवटच्या कडव्याचा टेम्पो टॅप करून मोजा, आणि जिथे तो सर्वाधिक बदलला असेल ते गाणं येत्या आठवड्यात चार बार क्लिक, चार बार शांतता, असं घ्या.