पार्टीसाठी हुला: पाय, कंबर आणि बोलणारे हात

हवाईयन थीमची पार्टी ठरली की डोळ्यांसमोर येतो गवताचा घागरा आणि जोरजोरात हलणारी कंबर. ती वेगवान थरथर खरं तर ताहिती बेटावरच्या नाचातली. हवाईचा हुला त्यामानाने संथ असतो आणि गाण्याचा अर्थ हात सांगतात. या नाचाने वाईट दिवसही पाहिलेत. १८३० मध्ये राणी काआहुमानूने जाहीर हुलावर बंदी आणली; पुढे राजा कालाकाउआने १८८३ च्या आपल्या राज्याभिषेक सोहळ्यात त्याला मानाने जागा दिली. म्हणून पार्टीपुरता शिकायचा असला, तरी मनापासून शिकावा. मंत्रपठणावर होणारा जुना 'काहिको' प्रकार गुरूकडूनच शिकायचा असतो, तो सोडून द्या. आपल्यासाठी युकुलेले-गिटारच्या साथीचा नवा 'आउआना' प्रकार घ्या.

आधी नुसतं उभं राहायला शिका. अनवाणी, पावलं समांतर, मध्ये थोडं अंतर, पाठ ताठ, खांदे सैल आणि गुडघे वाकलेले. सगळी गंमत या गुडघ्यांत आहे. कंबर मुद्दाम हलवायची नसते. वजन एका पायावरून दुसऱ्यावर गेलं की ती आपसूक झुलते. गुडघे ताठ राहिले, तर नाच कवायतीसारखा दिसतो. आरशावर डोक्याच्या उंचीला चिकटपट्टी लावा. नाचताना डोकं त्या रेषेच्या वर-खाली होत असेल, तर गुडघे मध्येच सरळ होताहेत असं समजा.

आता 'काहोलो', हुलाचं मुख्य पाऊल. एक: उजवा पाय उजवीकडे. दोन: डावा त्याच्याजवळ. तीन: पुन्हा उजवा उजवीकडे. चार: डावा जवळ आणून नुसता टेकवा, वजन टाकू नका. मग हेच डावीकडे. पावलं छोटी ठेवा. गाणं न लावता, तोंडाने मोजत करा. गप्पा मारता मारता पाय चुकेनासे झाले की पुढे जा. हे होईपर्यंत हातांकडे वळायची घाई नको.

दुसरं पाऊल 'हेला': एक पाय तिरका पुढे टेकवून परत आणायचा, मग दुसरा. वाकलेला राहतो तो मागचा गुडघा. 'आमी' म्हणजे कंबरेचं सावकाश वर्तुळ. छाती स्थिर राहिली तरच ते शोभतं.

हातांची बोटं जुळलेली, मनगट मऊ. काहोलो उजवीकडे जाताना उजवा हात बाजूला पसरा आणि डावा कोपरात वाकवून छातीसमोर धरा. लाटा दाखवायला दोन्ही तळवे पुढे आणि मनगटापासून हळूच वर-खाली. पावसासाठी वरून खाली येणारी, हलती बोटं. माडासाठी एक हात छातीसमोर आडवा, दुसऱ्याचं कोपर त्यावर आणि पंजा वाऱ्यावर डोलणारा. प्रेमासाठी हात छातीवर एकमेकांवरून. नजर हाताच्या मागे जाऊ द्या. भरतनाट्यम शिकलेल्यांना हा नियम ओळखीचा वाटेल. मुद्रा येते आणि नजर प्रेक्षकांत भटकते, तिथे गोष्ट तुटते.

गाणं चार मात्रांचं, संथ निवडा आणि त्याचा अर्थ आधी वाचा. समुद्राच्या ओळीला लाटा, पावसाच्या ओळीला पाऊस, मधल्या जागी काहोलो. दोन मिनिटांचा नाच पुरे.

पोशाखाला नारळाच्या करवंट्या आणि प्लास्टिकचं गवत नको. तो पर्यटकांसाठी रुजलेला थाट आहे. कंबरेला इलास्टिकच्या तीन-चार ओळी घातलेला, भरपूर चुण्यांचा सुती घागरा, म्हणजे 'पाऊ', कंबरेचं झुलणं छान दाखवतो. गळ्यातल्या हाराला, 'लेई'ला, पांढरा चाफा चालतो. हवाईतही त्याच्या लेई करतात.

गटाला शिकवत असाल, तर सगळ्यांकडे पाठ करून उभे राहा. समोर तोंड करून शिकवलं की उजव्या-डाव्याचा गोंधळ हमखास होतो. पाय पक्के असलेल्या दोघांना रांगेच्या दोन टोकांना ठेवा, म्हणजे कुठल्याही बाजूला वळलं तरी बाकीच्यांना पाहून घ्यायला कोणीतरी समोर असतं.